दिवाणातली कोन्याक

माझ्या सासऱ्यांची पंचवीस वर्षं मुरलेली कोन्याक आमच्या गोधडीने प्यायली. पाजली मी.

अण्णा, म्हणजे माझे सासरे, निफाडचे द्राक्षबागायतदार. द्राक्षं परदेशी पाठवणाऱ्या एका व्यापाऱ्याने त्यांना ही फ्रान्सच्या ब्रँडीची बाटली भेट दिली. घरी सासूबाईंचा धाक! (सासूबाई नुसत्या खोकल्या तरी अण्णा चपला सरळ लावतात.) म्हणून पिशवीत वर मेथीची जुडी ठेवून ते बाटली घेऊन नाशिकला माझ्याकडे आले.

"जावईबापू, माझ्या एकसष्टीला फोडायची. ही बी द्राक्षाचीच हाय म्हनं. जनमभर द्राक्षं पिकवली, एवढं मुरलेलं एकदा चाखून बघायचं हाय."

"निर्धास्त राहा, अण्णा! यातलं मला कळतं."

मला कळत होतं ते एवढंच, की ऑफिसच्या सहलीत पाहिलेल्या वायनरीत सगळ्या बाटल्या आडव्या होत्या. बूच ओलं राहावं म्हणून. वाइनच्या! पण मी तेवढ्या भांडवलावर बाटली गोधडीत गुंडाळून दिवाणाच्या पोटात आडवी घातली.

"अहो, सांडेल ती," वैशाली, माझी बायको, म्हणाली.

"फ्रान्समध्ये अशीच ठेवतात." (मी धड गोवासुद्धा पाहिलेला नाही.)

काही महिन्यांनी घरात गोडसर वास यायला लागला. शेजारी कुणीतरी केक करतंय, असं मी जाहीर केलं. सासूबाई मुक्कामाला आल्या, त्या दिवाणावर झोपल्या आणि पहाटे पाचऐवजी नऊला उठल्या. "लय ग्वाड झोप लागली बाई!"

एकसष्टी आमच्याकडेच होती. त्या दुपारी सासूबाई वैशालीबरोबर साडी घ्यायला गेल्या, तशी मी अण्णांची शिकवणी सुरू केली. "ग्लास तळहातावर धरायचा, ऊब लागू द्यायची. सोबत डार्क चॉकलेट."

"चिवडा चालंल का?"

"अजिबात नाही!"

दिवाण उघडला. बाटली भलतीच हलकी लागली. कडक ब्रँडीने बूच खाऊन त्याचा भुगा केला होता, तळाला चार घोट होते आणि गोधडी ओली होती. अण्णांनी बाटली कानाशी हलवून पाहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात दारात सासूबाई! त्यांनी बाटली पाहिली, गोधडी हुंगली.

"आडवी ठिवली व्हती? अवो, फवारणीचं औषध तरी कुणी आडवं ठिवतं का?" मग अण्णांकडे वळल्या. "आन् तुमी! मला सांगितलं असतं तर कोठीमागं उभी करून ठिवली असती की!"

सासूबाईंनी चहाच्या गाळणीने चार घोट स्टीलच्या वाटीत गाळले आणि चिवड्याची ताटली पुढे सरकवली. अण्णांनी डोळे मिटून घोट घेतला.

"अगं, आपल्या बागेचाच वास हाय!" त्यांचे डोळे भरून आले. माझेही, पण ते शरमेने.

परवा निफाडहून लोणच्याची बरणी आली. झाकणावर अण्णांच्या अक्षरात चिठ्ठी होती: 'जावईबापू, ही बाजू वर.'