राखेत कालवलेलं जस्त

आमच्या शिवऱ्याची सगुणाबाई मूळची वेल्ह्याच्या डोंगरातली. तिकडे भाताच्या सगळ्या दुखण्यांवर एकच औषध, राब. पालापाचोळा न् शेणी रचून वाफा भाजायचा आणि त्या राखेत भात पेरायचं. माहेरची ही विद्या ती सासरी घेऊन आली.

सासरचं खाचर होतं पाटाखाली. पाणी झिरपून झिरपून जमिनीत मीठ वर आलेलं. उन्हाळ्यात पांढरं फूल, पावसाळ्यात तांबडं, खुरटं भात. चौऱ्याहत्तर साली नवरा रखमाजी म्हणाला, "यंदा पिकलं तर पिकलं. न्हाईतर माती वीटभट्टीला."

शेतकी खात्याचा माणूस आला. पानं बघून म्हणाला, मीठ आहेच, पण रोपाला जस्तही मिळत नाही. जस्ताचं खत चिखलात टाका. मीठ जाणार नाही, भात तग धरेल. पिशवीतून निघाली पांढरी भुकटी.

रखमाजी हसला. "मिठानं मेलेल्याला मिठाचाच काढा व्हय?"

झालं! सगुणाबाई बिचकली. मिठाला उतारा म्हणून तिनं भुकटी राबाच्या राखेत कालवली. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकलेली, बांधावरूनच ओरडले, "अगं, राख नको! राखेत जस्त अडकून बसतं, मुळांना मिळत नाही."

"तुमी भात लावलंय का कदी, बाई? राखंनं कुनाचं वाईट झालंय?"

राखेसकट सगळं चिखलात फेकलंन. रिकामी पिशवी तेवढी कोपऱ्यात झटकली.

दसऱ्याला खाचर तांबडंच. लोंब्या पळंज, आत दाणा नाही. फक्त पिशवी झटकलेल्या कोपऱ्यात सुपाएवढ्या जागेत भात हिरवंगार, दाणा भरलेला. सगुणाबाईनं नवऱ्याला हाताला धरून तिथं नेलं.

"बगा की! येतंय हितं. राख माजी चुकली. एक साल द्या."

"सुपाएवढ्यावर खाचर ठिवू?"

मीही भांडले. गाव अजून म्हणतं, राबाचा हट्ट नडला. मूर्ख आहेत! चूक कळलेल्या बाईला एक पावसाळा देववला नाही, ते नडलं.

भट्टीवाल्यानं तो कोपराच आधी खणला, गाडी तिथूनच आत यायची म्हणून. विटा झाल्या, पण चार महिन्यांत त्यांच्यावरही पांढरं फूल आलं. भट्टीवाल्यानं उरलेल्या विटा रखमाजीच्या दारात आणून टाकल्या. त्यांचाच गोठा बांधला. धार काढायला बसली की सगुणाबाई भिंतीवरून बोट फिरवायची, चाटून बघायची आणि पदराला पुसायची.