अक्का आणि केरेच्या पायऱ्या

अक्का गेल्याची बातमी आली तेव्हा मी चिकपेटेत आमच्या कापडाच्या दुकानात बसले होते. फोन आमच्या ह्यांनी घेतला, ऐकला, ठेवला, समोरच्या गिऱ्हाइकाचं कापड फाडून घडी करून दिलं आणि मग म्हणाले, "अक्का गेल्या." मी लगेच उठलेसुद्धा नाही. इतके महिने आम्ही आळीपाळीने त्यांच्या उशाशी बसलो होतो की रडायचंही त्राण उरलं नव्हतं. आता महिना उलटून गेला. दिवस-कार्य झालं, पाहुणे पांगले, आणि घरात एवढी शांतता आहे की मला दुपारची झोप लागत नाही... अक्का असताना ती आवाजातही लागायची.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. मी लग्न होऊन बेंगळुरात आले ती धारवाडकडून, आणि पहिल्याच दिवशी कळलं की ह्या घरात बोलायचं काम एकट्या अक्काच करतात. दूधवाल्याशी कन्नडमध्ये, भाजीवाल्याशी तमिळमध्ये आणि देवाशी मराठीत, पण भांडण एकच. तोंडाचा पट्टा सुटला की समोरचा माणूस आपलं मूळ म्हणणं विसरून जायचा. सासूबाई म्हणायच्या, "देवाने हिला सगळं दिलं, झाकण तेवढं द्यायचं राहिलं." अक्काच सगळ्यात मोठ्याने हसायच्या.

आमची वस्ती हेब्बाळच्या अलीकडे, तळ्याच्या काठी. तळ्याला नाव होतं, पण सगळे नुसतं केरे, म्हणजे कन्नडमध्ये तळं, एवढंच म्हणायचे. बांधावरून खाली दगडी पायऱ्या होत्या. तिथे बायका धुणं धुवायच्या, म्हशी डुंबायच्या, गणपती बोळवले जायचे आणि दहाव्याचे विधीही तिथेच व्हायचे. साठ सालानंतर कधीतरी तिथे पाणबुडे येऊ लागले. कारखान्यांतले शिकलेले, चांगल्या घरचे तरुण. पायाला रबरी वल्ही, डोळ्यांवर काच आणि पाठीवर हवेचं लोखंडी नळकांडं. सुट्टीत समुद्रावर जायचं, त्याची तालीम म्हणे आमच्या केरेत. त्या गढूळ पाण्यात त्यांना काय दिसायचं देव जाणे. अक्का म्हणायच्या, "आपल्याच साबणाचा फेस बघायला एवढं सोंग!"

पण त्यांचीही बाजू होती, ती लपवण्यात अर्थ नाही. माणूस खाली गेला की वर बुडबुडे यायचे, आणि बुडबुडे दिसले की आमच्या गल्लीतली पोरं नेम धरून दगड मारायची. एकदा एक मुलगा कपाळ फुटून वर आला. त्यानंतर ह्या पाणबुड्यांच्या क्लबने कुठल्याशा कचेरीतून परवानगी आणली, पायऱ्यांभोवती तारेचं कुंपण घातलं आणि फाटकावर माणूस बसवला. आत फक्त मेंबर. धुणं धुवायला आम्ही बायका बांधाला वळसा घालून पलीकडच्या चिखलात जाऊ लागलो. मुनियम्मा, आमची शेजारीण, पाय घसरून पडली आणि महिनाभर लंगडत होती.

अक्का रोज भांडायला जायच्या. क्लबचा सेक्रेटरी मोठा सभ्य मुलगा. ह्या बोलायच्या, तो हात बांधून ऐकायचा, आणि ह्यांना धाप लागली की म्हणायचा, "सरी अम्मा, बरोबर आहे. स्वल्प थांबा, कमिटीत बोलतो." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अक्कांच्या तोंडाला आयुष्यात पहिल्यांदाच कोणी भीक घालत नव्हतं. हळूहळू गल्लीलाही कंटाळा आला. पुरुष म्हणाले, घरोघर नळ येणारच आहेत, सोडून द्या. मलाही तसंच वाटायचं. रात्री अक्का गरम पाण्यात मीठ टाकून गुळण्या करायच्या आणि बसक्या आवाजात मला म्हणायच्या, "बोलून बोलून घसा गेला गं, कुंपण काही गेलं नाही."

मग गौरी आल्या. आमच्याकडे खड्यांच्या गौरी. पाणवठ्यावरून खडे वेचून आणायचे आणि तबकात ठेवून घरी आणून पुजायचे. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकल्यापासून खडे घेऊन दारात परत येईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, हा आमच्या घरचा कडक नियम. त्या सकाळी तबक अक्कांच्या हातात होतं आणि मी मागून घंटा वाजवत होते. फाटकाशी आलो. रविवार होता, क्लबची मंडळी सगळी हजर होती. सेक्रेटरीने अक्कांना पाहिलं आणि सवयीने हात बांधले.

अक्का काही बोलल्या नाहीत.

तो थोडा थांबला. म्हणाला, "काय काम आहे, अम्मा?" अक्का गप्प. त्याने तबकातलं हळदकुंकू पाहिलं. "पूजा आहे का? तेवढं सांगा, लगेच उघडतो. आजच्यापुरतं." एक मान हलवली असती तरी चाललं असतं. अक्कांनी तीही हलवली नाही, त्याच्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या. ऊन चढलं. माझे हात भरून आले, पण घंटा थांबवायची सोय नव्हती. घंटेच्या आवाजाने बायका जमू लागल्या. गौरीच्या नियमाची त्यांना काय कल्पना? मुनियम्माने धुण्याचं गाठोडं रस्त्यात टाकलं, त्याच्यावर बसली आणि सगळ्यांना सांगत सुटली, "अक्कांनी मौन धरलंय. पायऱ्या खुल्या होईतोवर बोलणार नाहीत." जी येईल ती खाली बसू लागली. बांधभर बायका, आणि चकार शब्द नाही. पाण्यातून वर आलेले मुलगे ओल्या अंगाने कुंपणाच्या आत उभे. बाहेर पडायला वाट नाही आणि भांडायला कोणी तयार नाही. शेवटी सेक्रेटरीने स्वतःच्या हाताने साखळी काढली, रखवालदाराकडे दिली आणि म्हणाला, "राहू दे उघडं. रोजच."

ते फाटक नंतर लागलं नाही. रविवारची सकाळ पाणबुड्यांची, बाकी वेळ गावाची, असं ठरलं. आणि रविवारी अक्का स्वतः बांधावर काठी घेऊन बसायच्या. बुडबुडे दिसले की पोरांवर ओरडायच्या, "खाली माणूस आहे रे, कुणाचा तरी मुलगा आहे."

आता सांगायला फारसं उरलं नाही. वरच्या अंगाला भराव पडले, पाणी हटलं, जे उरलं ते हिरवं झालं. पाणबुडे गेले. घरोघर नळ आले. पायऱ्या आता गवतात उतरतात, आणि त्यांच्यासाठी भांडायला कोणाला वेळ नाही. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. तक्रार करायला अक्कांचा घसा लागतो.

परवा तो सेक्रेटरी भेटायला आला होता. केस विरळ झालेत, बरोबर बायको. चहा घेतला, फोटोपुढे हात जोडले. म्हणाला, "त्या दिवशी अम्मांचं सणाचं मौन होतं, हे मला फार उशिरा कळलं. योगायोगच म्हणायचा. एक शब्द बोलल्या असत्या तरी मी रोजच्यासारखंच काहीतरी उत्तर दिलं असतं."

मी म्हटलं, "योगायोग नव्हता. आमच्याकडे खडे आणायचा मान धाकट्या सुनेचा, म्हणजे माझा. दर वर्षी मीच आणायची. गप्प राहवत नाही म्हणून अक्का कधी बरोबरसुद्धा यायच्या नाहीत. त्या सकाळी तबक माझ्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाल्या, यंदा मी जाते."

मग मी त्याला पुढचंही सांगितलं, कारण ते ऐकलेल्यांपैकी आता मीच उरले आहे. खडे घेऊन आम्ही दारात आलो. सासूबाईंनी अक्कांच्या पायांवर दूध-पाणी घातलं आणि रीतीप्रमाणे विचारलं, "गौर गौर, काय घेऊन आलीस?" धन, धान्य, सुखसमृद्धी, असं काहीतरी म्हणायचं असतं. अक्कांनी सकाळपासून दाबलेलं तोंड उघडलं.

"पायऱ्या," त्या म्हणाल्या.

सासूबाईंनी एकवार त्यांच्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "ये, आत ये."