भर दुपारी विझणारा हिरवा दिवा

आमच्या इमारतीत तळमजल्यावर लाँड्री, तिच्यावर लाँड्रीची मालकीण आणि तिच्यावर मी. माझ्या डोक्यावर फक्त गच्ची आणि सूर्य. नाटकं सुटली तशी डोक्यावर प्रखर दिवे असायची सवयही सुटली होती. ती परत लावली ठिणगीने.

ठिणगी म्हणजे मालकिणीची धाकटी बहीण. लहानपणी तिने घरातला बंद पडलेला रेडिओ उघडला, मग बंद पडलेला पंखा उघडला आणि मग चालू पंखा उघडला. तेव्हापासून हे नाव चिकटलं ते चिकटलंच. आता ती सौर पॅनेलांची दुखणी शोधते. पॅनेलं बसवणारे पुष्कळ आहेत. पण बसवल्यावर ‘सांगितली होती तेवढी वीज मिळत का नाही?’ असा प्रश्न पडला की लोक हिला बोलावतात. मग ही खांद्यावर शिडी आणि ओठांत स्क्रू धरून हजर होते. ओठांत स्क्रू असले तरी तोंड बंद नसतं.

“मावशी, या भागात माझ्यासारखी दुसरी नाही,” ती मला सांगायची. “मी शोधून पाहिली. सापडली नाही.”

एकदा एका घरी वीज निम्म्यावर आली म्हणून गेली, तर मालकाने पॅनेलांवर ओल्या चादरी वाळत घातलेल्या. काच तापते ना, लवकर वाळतात! “चादरी वाळवायची एवढी महाग दोरी जगात कुणाकडे नसेल,” असं त्याच्या तोंडावर म्हणून आली. ही गोष्ट सांगताना ती मालकाचंही काम करायची, त्याच्या बायकोचंही आणि चादरीचंही. मी आयुष्यभर रंगमंचावर उभी राहिलेली बाई. मला माणूस ओळखता येतो. या पोरीकडे दुपारच्या उन्हातही कंटाळा न येता बघत राहता येईल, हे मी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं.

तिने आयुष्यातली पहिली पॅनेलं बसवली ती आमच्या गच्चीवर. तेव्हा तिला कुणी काम देत नव्हतं. थोरलीने, म्हणजे मालकिणीने, दिलं. आईच्या मागे थोरलीनेच तिला वाढवलेलं. वेण्या घातल्या, उवा काढल्या, धपाटे घातले आणि शेवटी स्वतःचं छप्परही दिलं. त्यामुळे ती पॅनेलं नीट चालणं म्हणजे ठिणगीच्या दृष्टीने काय होतं, ते वेगळं सांगायला नको.

आणि नेमकी तीच चालेनात.

पॅनेलांची वीज घराच्या कामाची करून, उरलेली रस्त्यावरच्या लाईनमध्ये ढकलणारी एक पेटी असते, इन्व्हर्टर म्हणतात तिला. आमची पेटी गच्चीच्या जिन्यात आहे. काम चालू असलं की तिचा हिरवा दिवा लागतो. ढगाळ दिवशी हिरवा दिवा दिवसभर हसत असायचा. पण आकाश स्वच्छ झालं, ऊन रणरणायला लागलं, की भर दुपारी तो विझायचा आणि लाल लागायचा. थोड्या वेळाने पुन्हा हिरवा, पुन्हा लाल.

“ढगात जागं आणि उन्हात झोपलेलं!” थोरली कडाडायची. “हे सूर्यावर चालतं की चंद्रावर?”

ठिणगी सकाळी सकाळी यायची. काचा पुसायची, जोड तपासायची, पाण्याच्या टाकीची सावली बघायची. सगळं ठणठणीत. पेटीच्या पडद्यावर मात्र लिहून येई, लाईनचा दाब, म्हणजे व्होल्टेज, जास्त. वीज कंपनीचा माणूस आला, तोही सकाळी. त्याच्या मीटरवर दाब अगदी शहाण्यासारखा. तो म्हणे पेटी बिघडली, ही म्हणे लाईन बिघडली. तेवढ्यात थोरली पानं वाढायची, आग्रह करकरून धाकटीला जेवू घालायची आणि वर दटावायची, “उन्हात डोकं फिरेल. पड जरा.” थोरलीपुढे कोण बोलणार? ठिणगी पडायची ती ऊन कललं की उठायची. तोवर दिवा पुन्हा हिरवा.

शेवटी थोरलीचा संयम सुटला. “उद्या दुसरा माणूस येतोय,” ती जिन्यातच म्हणाली. “सगळं उतरवून नेईल. माझ्या घरावर शिकलीस, ठीक आहे. आता पुढचं लोकांच्या घरावर शीक.”

ठिणगीचा चेहरा उतरला. मग हळूच म्हणाली, “उद्या ना? मग आजचा दिवस माझा.”

त्या दिवशी बहिणी बोलत नव्हत्या. पान वाढलं गेलं नाही, ‘पड जरा’ कुणी म्हटलं नाही. म्हणून पहिल्यांदाच ठिणगी भर दुपारी जिन्यात पेटीपाशी मीटर घेऊन बसली. मी छत्री घेऊन गच्चीच्या दारात.

आकडा चढत होता. दोनशे तीस व्होल्टच्या आसपास असायला हवा तो दोनशे चाळीस, मग पंचेचाळीस, मग पन्नास. जसा सूर्य माथ्यावर येई तसा मीटरमधला आकडाही वर सरके. त्या दोघांचं असं काही नातं असेल हे मला ठाऊकच नव्हतं. आकडा आणखी थोडा सरकला आणि टक्! लाल.

ठिणगीने आपली पेटी पूर्ण बंद केली. आकडा जरा उतरला, पण फार नाही.

“मावशी, ही आपली वीज नव्हे. मग कुणाची?”

ती गच्चीवर आली आणि कठड्याशी उभी राहिली. मीही राहिले. समोर एकामागून एक छपरं, आणि छपराछपरावर काळी पॅनेलं लखलखत होती. त्यांतली कितीतरी आमच्या गच्चीनंतर तिनेच लावलेली.

“हे सगळे एकाच वेळी एकाच तारेत ओततायत,” ती कुजबुजली. “आणि घेणारं कोण? सुताराचा कारखाना जेवायला बंद, गिरणी बंद, खाली ताई आडवी झालेली. तार तुडुंब भरलीय, मावशी. आत शिरायला आपल्या पेटीला आणखी जोर लावावा लागतो. फार जोर झाला की मागे सरायचं, असं तिला शिकवलेलं आहे. नाही सरली तर गल्लीतले फ्रिज जळतील.”

आमची गल्ली डोळे मिटून पडलेली आणि तिच्या डोक्यावरून एवढा मोठा लोंढा वाहतोय, जागा शोधतोय!

“खालच्या सगळ्या इस्त्र्या लावायला सांगा ना,” ठिणगी म्हणाली. “धुलाईचं पाणीही तापत ठेवायला सांगा. माझं ती ऐकणार नाही.”

मग मी जिन्यात उभी राहिले आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा आवाज लावला. “मालकीणबाई! इस्त्र्या लावा! सगळ्या!”

“आग लागली का काय?” थोरली केस सावरत दुकानात आली. पण माझ्या आवाजाने तिने एकेक बटण दाबलं. मीटरवरचा आकडा उतरायला लागला. पेटीने जरा विचार केला आणि दिवा हिरवा झाला. आणि तसाच राहिला.

“हिरवा!” मी वरून ओरडले.

थोरलीचा विश्वास बसेना. तिने सगळी बटणं बंद केली. काही वेळाने मी ओरडले, “लाल!” तिने पुन्हा लावली. थांबली. “हिरवा!” पुन्हा बंद, पुन्हा चालू. पोरासारखी खेळत राहिली. मग खालून पहिल्यांदा धाकटीला हाक आली.

“ठिणगे! म्हणजे मी इथे इस्त्री फिरवते तेव्हा सूर्य इथपर्यंत येतो?”

“येतो ताई. तुझ्या इस्त्रीतून शर्टात शिरतो.”

थोरली वर आली. पेटीसमोर उभी राहून बराच वेळ दिव्याकडे बघत राहिली. ठिणगीने काही लपवलं नाही. “कंपनीला दाब खाली घ्यायला सांगावं लागेल. त्यांचा माणूस दुपारी यायला हवा. आणि एक चूक माझी आहे. पेटीपासून खालपर्यंत वायर मी बारीक टाकली. त्यानेही दाब चढतो. तेव्हा मला कळत नव्हतं.”

मला वाटलं, आता भडका. थोरलीने कंबरेवर हात ठेवले.

“मग जाड टाक,” ती म्हणाली. “आणि धुलाईचं काय ते सांग. सकाळी पाणी तापवते ते दुपारी तापवू?”

“दुपारी तापव.”

“म्हणजे माझी झोप गेली.”

“गेली.”

थोरलीने फोन उचलला. उद्या येणाऱ्या माणसाला सांगितलं, येऊ नका, आमच्या घरची बाई आहे बघायला. तेवढं बोलून ती तडक खाली गेली. इस्त्र्या तापल्या होत्या आणि टोपलीत ओलसर शर्टांचा ढीग पडला होता.