तांबड्या भाताचे दोन पाहुणे

पोटभर जेवून हात धुतलेल्या माणसाची त्याच जेवणावरून उलटतपासणी घेणारा माणूस भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत एकच आहे, आणि तो नेमका माझ्या बायकोचा धाकटा भाऊ आहे. हा माझा मेहुणा अन्नधोरणावर संशोधन करतो. म्हणजे इथली माणसं काय पिकवतात, काय खातात आणि पिकवलेलंच का खात नाहीत, हे घरोघर विचारून अहवाल लिहितो आणि वर पाठवतो. वर म्हणजे कुठे, असं मी एकदा विचारलं होतं. "तेच शोधतोय, दाजी," म्हणाला.

आंबवड्याच्या एका लग्नात सगळे अक्षता घेऊन उभे होते, तेव्हा हा मांडवामागे आचाऱ्यापाशी बसून तूरडाळ कुठली, म्हणून विचारत होता. "दुकानातली," आचारी म्हणाला. "आणि दुकानात कुठून आली?" "टेम्पोतनं." एवढंही त्याने वहीत नीट उतरवून घेतलं. कुणाच्याही घरी गेला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "काल सकाळपासून काय काय खाल्लं?" विचारतो इतक्या मायेने की खोटं बोलवत नाही. मला त्याने हे माझ्या बायकोसमोर विचारलं, आणि एसटी स्टँडवरचे दोन वडे उघडकीला आले. डॉक्टरांनी मला तळकट बंद केलं होतं, त्यामुळे पुढचा आठवडाभर माझ्या ताटात दुधी भोपळा होता. "माहिती खरी हवी, दाजी," असं मला समजावत तो स्वतः मात्र भजी खात होता.

त्याचं एक ठाम मत होतं. जुनी धान्यं लोकांच्या ताटात राहिली तरच शेतात राहतील. तांबड्या दाण्याचं, लांब कुसळांचं, डोंगरउतारावर येणारं एक भात तो तीन वर्षं शोधत होता. गुंजवण्यापासून वरच्या गावांत सगळ्यांनी त्याचं नाव काढलं, पण पेरत कुणी नव्हतं. शेवटी पासलीच्या वरच्या अंगाला, एका धनगर वस्तीवर एक मावशी ते अजून करतात असं कळलं. पेरणीला महिनाभर होता. माझ्या मोटारसायकलवर मीच त्याला घेऊन गेलो.

मावशी म्हशींचं शेण काढत होत्या. याने हात जोडून सांगितलं, "तुमच्या तांबड्या भातासाठी आलोय." "लई लांबनं आला. बसा," म्हणून त्या हात धुऊन आत गेल्या. आम्ही पडवीत बसलो. थोड्या वेळाने आतून उखळात मुसळ पडल्याचा आवाज यायला लागला, तसा याचा चेहरा उजळला. "घरी कांडतात अजून," म्हणत त्याने तशी नोंद केली. मग ताटं आली. वाफाळता तांबूस भात आणि म्हशीचं दूध. वासानेच मी निम्मा जेवलो. मेहुणा डोळे मिटून खात होता आणि एकही प्रश्न विचारत नव्हता, हे मी प्रथमच पाहत होतो. मी तर पुन्हा मागून घेतला.

जेवण झाल्यावर त्याने पिशवी उघडली. "मावशी, मूठभर बियाणं द्याल?"

"आता कुठलं बी, बाबा? गेल्या साली रानडुकरांनी समदं पीक खाल्लं. उरलं त्ये पेराया म्हून गाडग्यात ठिवलं हुतं, तेच तुमी जेवला."

"मग आम्हाला वाढलंत कशाला?"

"त्याच्यासाठीच आलो म्हणाला न्हवं? मग पावन्याला दुसरं काय वाढायचं?" त्यांना त्याचा प्रश्नच कळला नव्हता. मग माझ्याकडे बघून हसल्या. "तळाला माझ्यापुरता घास ठिवला हुता, त्यो बी ह्यांनी आवडीनं खाल्ला. लई बरं वाटलं."

अहवालात त्या भाताचं पान आहे, पण त्यात चवीची जागा तेवढी भरलेली आहे. तेव्हापासून कुठल्याही वस्तीवर जाताना तो भाकरी बरोबर नेतो आणि बियाणं राखलंय ना, हे विचारल्याशिवाय पाण्यालाही हात लावत नाही. लावणीला दर वर्षी मावशींकडे जातो. त्यांच्या खाचरात आता दुसरंच भात असतं. याच्या वाकड्या ओळी त्या मुकाट्याने उपटून पुन्हा लावतात. मला तो फार आवडतो, हे त्याला कधी सांगायचं राहिलंच आहे.

अधूनमधून तो घरी येतो, वही उघडतो आणि त्याच मायेने विचारतो, "दाजी, त्या दिवशी काय खाल्लं होतं?" मी आठवेल तेवढं सांगतो. रंग, वास, दुधात फुगलेले दाणे. दर वेळी थोडं कमी आठवतं. पण लपवत काही नाही, मावशींचा घास मागून घेतला तोसुद्धा.