फुकटची फायनल

आमच्या भाऊबंदकीत कुठलाही फॉर्म भरायचा असला की मोबाइल नंबर माझा पडतो. आधार, गॅस, पीक विमा, पोरांचे दाखले, सगळं. नोकरीवाला मी एकटा, त्यामुळे "टाक तात्याना नंबर" हे ठरलेलंच. मला त्याचा केवढा तोरा! अनोळखी लिंक उघडू नका, असं ज्ञान पाजळत मीच गावभर फिरायचो.

आणि वर्ल्ड कपच्या फायनलला तसलीच लिंक उघडली मीच. त्या दिवशी दुपारपासून लाइट गेलेली, टीव्ही बंद. नातलगांच्या ग्रुपवर लिंक आली, फायनल फुकट बघा. ॲप उतरवलं. ते विचारायला लागलं, मेसेज वाचू का? वाच बाबा. कॉन्टॅक्ट बघू का? बघ. अरे, क्रिकेट दाखवायला माझे मेसेज कशाला लागतात, एवढं तरी मला कळायला नको? पण टॉस होऊन गेलेला, मला घाई.

दुसऱ्या दिवशी चुलतभावाच्या मुलीला नर्सिंगचा प्रवेश पक्का करायचा होता. शेवटची फेरी, मुदत संध्याकाळपर्यंत. नंदुरबारचं कॉलेज मिळालं होतं तिला. भावाने आधीच बजावलेलं, नंदुरबारला मिळालं तर शीक, लांब पाठवणार नाही, सरळ स्थळं बघू. ती नंदुरबारला नेट कॅफेत फॉर्म भरत बसलेली, मी ऑफिसात.

"तात्या, ओटीपी उना का?"

"नही उना. परत पाठव."

परत नाही, परत नाही. शेवटी मी तिच्यावरच डाफरलो, "नंबर नीट टाकस का नही?"

"तुम्हनाच शे, तात्या," ती हळूच म्हणाली. आम्ही असं झगडत असतानाच मुदत संपली.

संध्याकाळी फोन दुकानात दाखवला. दुकानदार म्हणाला, "भाऊ, हे ॲप तुमचे मेसेज परस्पर चोरांकडे पाठवतंय आणि इथून पुसतंय. मोठी मॅच आली की असे फोन रोज येतात माझ्याकडे. आधी बँकेला कळवा." मला बँक सुचेना. पोरीचा ओटीपी आला होता, आणि माझ्याच हाताने मी तो चोरांना देऊन बसलो होतो.

प्रवेशाची साइटच बंद होती असं सांगून खापर तिच्यावर फोडावं, असं वाटेत दहा वेळा मनात आलं. पण भावाच्या ओट्यावर बसलो आणि खरं ते सांगून टाकलं. शरमेने मान वर होईना. भावाने शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तो एवढंच म्हणाला, "जाऊ दे तात्या, तिना नशीबमा नव्हतं." वहिनी उठून आत गेली.

पोरगी दारात उभी होती, डोळे सुजलेले. टोमणा नव्हता तिच्या आवाजात, खरंच विचारत होती.

"मॅच तरी देखी का, तात्या?"

मी मानेनेच नाही म्हटलं. त्या ॲपवर एक चेंडूसुद्धा दिसला नव्हता.