कंप्रेसरवरचं कुंकू

ती केस आजही आठवते. विसरता आली असती तर बरं झालं असतं. न्यू जर्सीतल्या एका गावच्या पोलीस खात्यात मी डिटेक्टिव्ह होतो. ठाण्यात मराठी बोलणारा मी एकटाच, त्यामुळे भारतीय वस्तीच्या एडिसनच्या बाजूला कुठे देशी माणूस अडकला की फाइल माझ्या टेबलावर यायची. "तुझी माणसं, तू बघ," लेफ्टनंट म्हणायचा.

दोन हजार सहाच्या सुमाराची गोष्ट, ऑक्टोबरातली. एका छोट्या कंपनीच्या प्रयोगशाळेत अमोनिया गळला. खतासाठी लागणारा अमोनिया बहुतेक ठिकाणी नैसर्गिक वायूपासून बनवतात आणि त्यात भरमसाट कार्बन हवेत जातो. ही मंडळी पाण्यातून हायड्रोजन काढून त्याचा अमोनिया करू पाहत होती. उद्याचे कारखाने यावरच चालतील, असं मालक सांगायचे. मालक मूळचे पुण्याचे, साठीचे. सगळे त्यांना काका म्हणत. सोमवारी सकाळी टेक्निशियनने दार उघडलं आणि डोळे, छाती भाजून घेतली. अलार्म वाजायला हवा होता. तो वाजला नाही, कारण सेन्सरवर कोणीतरी रबरी हातमोजा चढवून वर टेप गुंडाळली होती.

दुपारी शेजारच्या ऑफिसातून खबर आली. रविवारी प्रयोगशाळेत कंपनीचाच एक नागपूरचा तरुण इंजिनिअर दिसला होता आणि मालकाशी त्याचं बिनसलंय, असं सांगणाऱ्याचं म्हणणं. अकरा सप्टेंबरनंतरच्या त्या वर्षांत परदेशी पोरगा, रसायन आणि मुद्दाम झाकलेला सेन्सर एवढं जुळलं की पुढची गोष्ट लोक स्वतःच रचत. घातपाताच्या संशयावरून त्याला आणलं.

मुलगा पंचविशीचा, वर्क व्हिसावर आलेला.

"मोजा मीच लावला, सर," पहिल्याच प्रश्नाला कबुली.

"का?"

"टेक्निशियनचे डोळे कसे आहेत, सर?" त्याने उलट विचारलं.

"कारण सांगितलं नाहीस तर मुद्दाम केलं असं धरतील. आधी जेल, मग डिपोर्ट. कळतंय का?"

"कळतंय. केस माझ्यावरच करा ना, सर."

गुन्हा नाकारून कारणं देणारे रोज भेटतात. गुन्हा कबूल करून कारण दडवणारा माणूस बहुतेक वेळा दुसऱ्या कोणाला तरी वाचवत असतो.

मी जागेच्या तपासणीचे फोटो पुन्हा काढले. हायड्रोजनच्या कंप्रेसरवर नटाजवळ लाल डाग होता. आमच्या माणसाने खाली 'गंज' लिहिलं होतं. स्टेनलेस स्टीलला कसला आलाय गंज? जागेवर जाऊन बोट फिरवलं. कुंकू होतं, आणि नटाच्या खाचेत अक्षतांचे दोन दाणे. दसरा आदल्या आठवड्यातच होऊन गेला होता, पण इथे सण तिथीला येत नाही, वीकेंडला येतो. रविवारी यंत्राची पूजा झाली होती. उदबत्तीच्या धुराने अलार्म वाजू नये म्हणून मोजा लावला आणि काढायचा राहून गेला. रात्री अमोनियाचा व्हॉल्व्ह गळला, तेव्हा अलार्म मुकाच होता. शिकल्यासवरल्या माणसांनी असं करावं. मी कपाळावर हात मारून घेतला.

ठाण्यात येऊन विचारलं, "पूजा कोणी केली?"

"काका, प्लीज, काकूंना यात आणू नका." सर सोडून तो आता मला काका म्हणाला. काकू म्हणजे मालकांची बायको. "मी नवीन आलो तेव्हा त्यांच्याच बेसमेंटमध्ये राहत होतो. आजारी पडलो तर काकू उशाशी बसून राहायच्या."

मी मालकांच्या घरी गेलो. "या, चहा टाकते," काकू म्हणाल्या. व्हॉल्व्ह फुटला, एवढंच नवऱ्याने त्यांना सांगितलेलं होतं. मुलगा ठाण्यात आहे म्हटल्यावर त्या ओट्यापाशीच थांबल्या.

"अहो, तो नको नको म्हणत होता. लॅबमध्ये चालत नाही काकू, म्हणाला. मीच म्हटलं, गॅस बंद आहे ना, मग एका उदबत्तीने काय होतंय? लाव मोजा."

"तू गप्प बस," काका सोफ्यावरून म्हणाले. "इन्व्हेस्टर परवा येतायत. मी त्याला वकील देतोय ना."

म्हणजे यांना सगळं ठाऊक होतं. मला इतका संताप आला की त्या घरचा चहा घशाखाली उतरला नसता.

काकूंनी शेगडी बंद केली, कोट चढवला. "चला, जबाब देते," म्हणाल्या. नवऱ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

घातपाताचा आरोप मागे घेतला गेला. टेक्निशियनची नजर वाचली, खोकला मात्र कायमचा मागे लागला. इन्व्हेस्टर पळाले, कंपनी बुडाली आणि तिच्याबरोबर मुलाचा व्हिसाही गेला. काकूंच्या जबाबाने तो जेलपासून वाचला, पण नागपूरला परत गेलाच.

आता पेपरात हिरव्या अमोनियावर, हायड्रोजनवर चालणाऱ्या पोलाद कारखान्यांवर लेख येतात. मी मथळा बघून पान उलटतो, थकलो बुवा. लबाडाला बोलतं कसं करायचं हे खातं शिकवतं. खाल्ल्या मिठाला जागणाऱ्याला त्याच्यापासूनच कसं वाचवायचं, हे कोणी शिकवलं नाही.

काकू दर दसऱ्याला फोन करतात. ठेवता ठेवता विचारतात, "त्याचा काही पत्ता लागला का हो?" मी नाही म्हणतो. त्याचा नंबर माझ्याकडे आहे, पण इतक्यात देऊ नका, असं त्यानेच सांगितलंय. काकूंशी बोलावंसं त्यालाही वाटतं. पण फोन काकांनी उचलला तर काय बोलायचं, ते अजून सुचलं नाही म्हणतो.