माझ्या नावाच्या बायका

माझं नाव जुन्या वळणाचं. शाळेत मुली चिडवायच्या, "काय गं आजीबाई!" एकदा रडत घरी आले, तर वडिलांनी वर्तमानपत्रातला एका गायिकेचा फोटो कापून वहीत चिकटवला. "बघ, तुझ्याच नावाची आहे." पुढे त्या वहीत एक डॉक्टर आली, एक गिर्यारोहक आली, एक राणीही आली. फणसवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत पाहुणे आले की वही बाहेर निघायची.

लग्न ठरलं भोईवाड्यात, आणि होणाऱ्या सासूबाईंचं नावही तेच निघालं. एका घरात एका नावाच्या दोघी कशा, अशी कुजबुज सुरू झाली. मी वडिलांना म्हटलं, "बाकी काही मागत नाही. नाव तेवढं बदलायचं नाही."

"मी बोललोय त्यांच्याशी. तू निर्धास्त राहा."

लग्नात तांदळाचं ताट समोर आलं आणि नवऱ्याने अंगठीने भलतंच नाव लिहिलं. पेढे वाटले गेले. मी वडिलांकडे पाहिलं, तर ते पंगत बघायला उठले होते.

राग मी सासूबाईंवर धरला. भांडले नाही. चोवीस वर्षं कामापुरतं बोलले.

गेल्या महिन्यात जुनं नाव परत घ्यायचं ठरवलं आणि गॅझेटचा अर्ज भरायला बसले. सासूबाई शेजारी मेथी निवडत होत्या. मी मुद्दाम ऐकवलं, "आता चालेल ना तुम्हाला?"

"माका तेवाय चालला असता," त्या म्हणाल्या. "मी म्हटलंय, थोरली नि धाकटी म्हणान हाक मारू. तुज्या बापाशीनच सांगल्यान, बदला. नवा नावय तेनाच दिल्यान."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"बापाशीची चाडी सांगान तुजा म्हायार तोडू?"

दुसऱ्या दिवशी मी फणसवाडीत वडिलांकडे गेले. "अण्णा, नाव बदलायला तुम्हीच सांगितलंत?"

ते चष्मा पुसत राहिले. "स्थळ चांगलं होतं. नावावरून कशाला ताणायचं?"

"मग मला तसं सांगायचं होतं."

"तू ऐकलं नसतंस."

"नसतंच ऐकलं."

यावर ते उठले, कपाटातून ती वही काढली आणि आतलं सुटं कात्रण पुढे केलं. "तुझ्यासाठी ठेवलंय. न्यायाधीश झाली. तुझ्या नावाची."

कात्रण घेतलं. वही तिथेच ठेवली.

घरी येऊन ते सासूबाईंना दिलं. त्यांनी हात लांब करून वाचलं. "आपल्या नावाची गो?"

"हो," मी म्हटलं आणि अर्जाचं दुसरं पान भरायला घेतलं. वडिलांना अजून फोन केलेला नाही.